निळा दिवा आणि चिवट बुरशी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात रुग्णालयांच्या स्वच्छतेविषयी लिहिताना अतिनील दिव्यांचा उल्लेख मी एका परिच्छेदात आटोपला होता. त्या एका परिच्छेदावर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या सगळ्या लेखावर आली नाहीत, आणि त्यांतील बहुतेक नागपूर, कामठी आणि हिंगणा परिसरातून आली. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे आणि त्यांनी लिहिलेली रुग्णालयांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वडील गेले अठरा दिवस एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहेत. त्यांच्या लघवीच्या तपासणीत ‘कँडिडा ऑरिस’ नावाची बुरशी आढळली आणि तिच्यावर नेहमीचे औषध चालत नाही असे सांगण्यात आले. त्यांना दुसऱ्या खोलीत हलवल्यानंतर आधीच्या खोलीत माणसाएवढ्या उंचीचा एक दिवा ठेवून दार अर्धा तास बंद केले गेले. दाराच्या काचेतून निळसर उजेड दिसत होता. हा खरा उपाय आहे की नातेवाइकांच्या समाधानासाठी केलेला देखावा? (प्रतापनगर)

उत्तर : देखावा नाही. मात्र तो पूर्ण उपायही नाही, आणि या दोन विधानांमधले अंतर समजून घेणे आपल्यासारख्या नातेवाइकांना उपयोगी पडेल.

आधी बुरशीविषयी. पाव फुगवणाऱ्या यीस्टसारखीच ही एकपेशीय बुरशी आहे. जपानमध्ये एका वृद्ध महिलेच्या कानातील स्रावातून ती वेगळी केली गेली आणि २००९ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. लॅटिन भाषेत ‘ऑरिस’ म्हणजे कान, एवढाच त्या नावाचा अर्थ; कानाच्या दुखण्याशी तिचा विशेष संबंध नाही. भारतातील रुग्णांविषयीचा पहिला अहवाल दिल्लीतून २०१३ साली आला, पण ती त्याआधीच येथे रुळलेली असावी. कारण २०११-१२ मध्ये देशातील २७ अतिदक्षता विभागांत रक्तात कँडिडा सापडलेल्या १४०० रुग्णांचे नमुने नंतर बारकाईने तपासले गेले, तेव्हा त्यांतील ७४ जणांत, म्हणजे सुमारे ५.३ टक्के रुग्णांत, हीच प्रजाती निघाली. आणि हे रुग्ण एकाच शहरातले नव्हते, १९ वेगवेगळ्या विभागांतले होते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची जी पहिली यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटातील चार नावांपैकी एक हिचे आहे.

हिचा त्रास दुहेरी आहे. फ्लुकोनॅझोल हे स्वस्त, सर्वत्र मिळणारे औषध हिच्या बहुतेक वाणांवर निष्प्रभ ठरते, काही वाण ॲम्फोटेरिसिन या दुसऱ्या बुरशीनाशक औषधालाही दाद देत नाहीत, आणि म्हणून कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिनसारखी महागडी, शिरेतूनच द्यावी लागणारी औषधे हाताशी घ्यावी लागतात. दुसरा त्रास अधिक अनपेक्षित आहे. इतर कँडिडा प्रामुख्याने रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून येतात. ही मात्र त्वचेवर वस्ती करते, त्वचेच्या कोंड्याबरोबर खाली पडते आणि बेडच्या कठड्यावर, चादरीवर, मॉनिटरच्या वायरींवर कोरड्या अवस्थेत कित्येक आठवडे जिवंत राहते. बुरशी असून तिचे वागणे रुग्णालयातील चिवट जिवाणूंसारखे आहे. त्यामुळेच रुग्ण हलवल्यावर खोलीकडे एवढे लक्ष द्यावे लागते.

आता दिवा. त्यातील पाऱ्याच्या वाफेतून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण निघतो. २०० ते २८० नॅनोमीटरच्या या पट्ट्याला ‘यूव्ही-सी’ म्हणतात. आपल्या घरातील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात जी छोटी नळी असते ती याच जातीची. पेशीतील डीएनए हा किरण शोषून घेतो आणि त्याच्या साखळीत शेजारी असलेले थायमिनचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. जुन्या पोथीची दोन पाने चिकटली की वाचणारा तेथेच अडतो, तशी पेशी आपला मजकूर पुढे वाचू शकत नाही. अशा चिकटलेल्या जागा पुरेशा झाल्या की ती विभागू शकत नाही आणि संपते. यात औषधाचा संबंध नसल्यामुळे फ्लुकोनॅझोलला न जुमानणारी बुरशीही या किरणापुढे केवळ त्या कारणाने तगून राहत नाही. या उपायाचे आकर्षण नेमके येथे आहे.

एक खुलासा मात्र आवश्यक वाटतो. आपण लिहिले आहे की वडिलांच्या लघवीत बुरशी ‘आढळली’. शरीरावर वस्ती असणे आणि संसर्ग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्ती असलेल्या प्रत्येक रुग्णाला औषध द्यावे लागत नाही, मात्र तिचा प्रसार रोखण्याची खबरदारी दोन्हींत सारखीच घ्यावी लागते. वडिलांच्या बाबतीत यांपैकी काय आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावे.

प्रश्न : मी परिचारिका आहे. आमच्याकडे हा दिवा आल्यापासून वॉर्डातील मावशींना वाटू लागले आहे की आता पोछा आणि फडके हलके मारले तरी चालते, ‘बाकी दिवा पाहून घेईल’. वरिष्ठांपैकी कुणी त्यांना अडवत नाही. माझे म्हणणे चुकीचे आहे का? (मानेवाडा)

उत्तर : सिस्टर, आपले म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि या अंकातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी आपला मानतो.

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे शाळेतील वाक्य येथे शब्दशः लागू पडते. बेडच्या कठड्याची दिव्याकडची बाजू उजळते आणि मागची बाजू अंधारात राहते. ड्रॉवरचा आतला भाग, गादीची खालची बाजू, गुंडाळलेल्या वायरींच्या वेटोळ्यांमधली जागा, सलाईन स्टँडच्या चाकांजवळचा कोपरा, बीपीच्या पट्ट्याची आतली घडी या सगळ्या सावलीच्या जागा आहेत, आणि रुग्णाचा किंवा आपला हात नेमका तेथेच लागतो. भिंतींवरून परावर्तित होऊन थोडा किरण सावलीत पोहोचतो खरा, पण साधा रंग दिलेली भिंत यूव्ही-सीचा बहुतांश भाग गिळून टाकते. वाळलेल्या रक्ताचा, स्रावाचा किंवा नुसत्या धुळीचा थर हीसुद्धा सावलीच असते. त्याखालच्या पेशीपर्यंत किरण पोहोचतच नाही. म्हणजे फडके हलके मारले तर आपणच बुरशीच्या हातात छत्री देतो.

यापुढचा भाग अंतराचा आहे आणि त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. समजा, दिव्यापासून दोन मीटरवर किरणांची तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला ०.२ मिलिवॉट आहे आणि एखाद्या बुरशीचे ९० टक्के बीजाणू मारायला दर चौरस सेंटीमीटरला १०० मिलिज्यूल मात्रा लागते. तीव्रतेला सेकंदांनी गुणले की मात्रा मिळते, म्हणून येथे ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. आता वस्तू चार मीटरवर नेली तर अंतर दुप्पट झाले, पण तीव्रता ढोबळमानाने चौथाई उरली, आणि तेच काम करायला २००० सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटे हवीत. आणि हे सारे ९० टक्क्यांसाठी. ९९ टक्के हवे असतील तर वेळ पुन्हा दुप्पट. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अगदीच हवेतले नाहीत. ॲस्परजिलस नायजर या काळ्या रंगाच्या बुरशीच्या बीजाणूंना १०० मिलिज्यूलहून अधिक मात्रा लागते, तर ई. कोलायसारख्या जिवाणूला त्याच्या काही टक्के मात्रा पुरते. काळ्या बीजाणूंमधील मेलॅनिन हे रंगद्रव्य किरण अडवते; आपली त्वचा उन्हात काळवंडून करते तेच काम.

कँडिडा ऑरिस काळी नाही, तरी तीही सोपी नाही. प्रयोगशाळेतील चाचण्यांत ती कँडिडा अल्बिकन्स ही नेहमी आढळणारी कँडिडा आणि एमआरएसए हा अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू या दोघांपेक्षा यूव्ही-सीला अधिक वेळ टिकून राहिलेली दिसली. दिवा दोन मीटरवर ठेवून तीस मिनिटे चालवला तेव्हा परिणाम उत्तम मिळाला, पण वेळ कमी केला किंवा अंतर चार मीटर केले की तो लक्षणीय घसरला. जिवाणूंसाठी आखलेले पाच-दहा मिनिटांचे चक्र या बुरशीला पुरत नाही. आपल्याकडील यंत्र एकाच जागी ठेवून एकदाच चालवले जात असेल, तर ते बेडच्या एका बाजूला एकदा आणि दुसऱ्या बाजूला एकदा, शिवाय स्वच्छतागृहात वेगळे, असे चालवण्याचा आग्रह धरावा. ड्रॉवर उघडे ठेवावेत, वायरी सोडवून पसराव्यात, आणि बेड भिंतीपासून पुढे ओढून घ्यावा.

मावशींना सांगण्यासारखी एक घटना आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे मेंदूविकारांच्या अतिदक्षता विभागात या बुरशीची साथ आली. ७० रुग्णांमध्ये ती पोहोचली. सफाई वाढवली तरी ती हटेना. अखेर शोध घेता घेता माग लागला तो काखेत ठेवून ताप मोजणाऱ्या, अनेक रुग्णांसाठी पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापकांचा. ते काढून टाकल्यावर साथ ओसरली. हा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या काखेतून निघून थेट दुसऱ्या रुग्णाच्या काखेत जाणाऱ्या वस्तूचे रिकाम्या खोलीतला दिवा काय बिघडवणार होता?

जाता जाता द्रावणाविषयी. वॉर्डात फिनाईलचा वास आला की सफाई झाली, असे मानण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. क्वाटर्नरी अमोनियम वर्गातील, सुगंधी आणि सर्वत्र वापरली जाणारी अनेक जंतुनाशके या बुरशीवर अपुरी ठरतात. क्लोरीन देणारे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) इतक्या तीव्रतेचे, किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड हे अधिक भरवशाचे. फडके फिरवल्यावर पृष्ठभाग काही मिनिटे ओला राहिला पाहिजे. लगेच कोरडे पुसले तर द्रावण वाया गेले. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हायपोक्लोराइटचा डबा खिडकीत ठेवला तर त्यातील क्लोरीन लवकर उडून जातो, म्हणून द्रावण रोज ताजे करावे.

प्रश्न : आमचे तीस खाटांचे रुग्णालय आहे. एका विक्रेत्याने असे यंत्र ‘९९.९९ टक्के जंतू मारते, सफाई कर्मचारी निम्मे करता येतील’ असे सांगून दाखवले. घ्यावे का? (धंतोली)

उत्तर : विक्रेत्याच्या वाक्याचा उत्तरार्ध ऐकल्यावरच मी त्याला चहा पाजून निरोप दिला असता.

९९.९९ टक्के हा आकडा खोटा असेलच असे नाही. पण तो कोणत्या जंतूवर, किती अंतरावर, किती वेळात आणि स्वच्छ काचपट्टीवर की मळलेल्या पृष्ठभागावर मिळाला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. कागदावर बहुधा ई. कोलाय किंवा स्टॅफिलोकॉकस असेल. कँडिडा ऑरिसवरील स्वतंत्र चाचणीचा अहवाल मागावा; नसेल तर ते यंत्र या बुरशीसाठी घेत आहोत असे स्वतःला समजावू नये.

रुग्णांवरील परिणामाचा सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेच्या आग्नेय भागातील नऊ रुग्णालयांत झाला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्ण गेल्यावर खोलीची नेहमीची सफाई करून त्यावर यूव्ही-सीची जोड दिली, तेव्हा त्याच खोलीत पुढे आलेल्या रुग्णांना एमआरएसए आणि व्हीआरई (व्हँकोमायसिनला न जुमानणारे एन्टरोकॉकस) यांसारखे प्रतिरोधक जंतू लागण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सफाईऐवजी दिवा, अशी तुलना तेथे नव्हतीच. जेथे सफाई आधीच क्लोरीनच्या द्रावणाने होत होती तेथे दिव्याने क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या बाबतीत वेगळा लाभ दिसला नाही. आणि कँडिडा ऑरिस त्या अभ्यासाच्या लक्ष्यांत नव्हती. म्हणजे या बुरशीबाबत प्रयोगशाळेतला पुरावा चांगला आहे, रुग्णांमधला अजून पातळ आहे.

तीस खाटांच्या रुग्णालयाने पैसा आधी कोठे घालावा, यावर माझे मत असे : प्रत्येक खाटेशी हात निर्जंतुक करण्याचे द्रावण, प्रत्येक अतिदक्षता खाटेला स्वतंत्र स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा आणि तापमापक, रेक्झिन फाटलेल्या गाद्यांची बदली, सफाई कर्मचाऱ्यांचे रीतसर प्रशिक्षण, आणि प्रजाती अचूक ओळखणारी प्रयोगशाळा. शेवटची गोष्ट किरकोळ समजू नये. जुन्या स्वयंचलित यंत्रांतून कँडिडा ऑरिस ‘कँडिडा हिम्युलोनी’ या नावाने बाहेर पडत असे. असे नाव अहवालात दिसले तर नमुना माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून प्रजाती ओळखणारे) यंत्र असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा. हे सर्व झाल्यावर पैसे उरले तर दिवा अवश्य घ्यावा. घेताना दिव्याचे तास मोजणारे मीटर, माणूस आत आला की बंद करणारा संवेदक आणि मात्रा दाखवणारी रंग बदलणारी कार्डे यांची खात्री करावी. पाऱ्याची नळी जळत राहते म्हणून ती काम करते असे नाही. डोळ्यांना दिसणारा निळा उजेड हा केवळ सोबतीचा; मारणारा किरण अदृश्य असतो आणि काही हजार तासांनंतर निळा उजेड तसाच राहून तो मात्र क्षीण होत जातो. नळीवर धूळ बसली तरी तेच होते, आणि नागपुरात धूळ बसायला वेळ लागत नाही.

प्रश्न : पूर्वी आम्ही शस्त्रक्रियागृहात फॉर्मालिनची धुरी देऊन रात्रभर दार बंद ठेवत असू. ती पद्धत का सोडली? (सक्करदरा, निवृत्त कर्मचारी)

उत्तर : ती धुरी तुम्हा मंडळींच्या श्वासातही जात होती, म्हणून. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मालिनमधील फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोग करणारे द्रव्य म्हणून घोषित केले. शिवाय धुरीच्या भरवशावर पृष्ठभाग पुसण्याचे काम मागे पडत असे. आज दिव्याच्या बाबतीत तेच घडू पाहते आहे, हे वरच्या मानेवाड्याच्या पत्रावरून आपल्या ध्यानात येईल.

प्रश्न : आमच्याकडे नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आई गाद्या, उश्या, गोधड्या गच्चीवर टाकत असे. ४५-४६ अंशांच्या उन्हात काहीही जगत नाही, असे ती म्हणायची. मग रुग्णालयांनी विकतचे अतिनील किरण कशाला घ्यावेत? ऊन फुकट आहे. (महाल)

उत्तर : आपल्या आईंचा अनुभव खोटा नव्हता आणि विज्ञानाची वाटही तेथूनच गेली आहे. सूर्यप्रकाशात जिवाणूंची वाढ थांबते हे डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी १८७७ साली दाखवले. पुढे डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही गच्चीवरचे ऊन आणि दिव्यातला किरण एक नाहीत. सूर्यातून यूव्ही-सी निघतो, पण वातावरणातील ओझोन आणि ऑक्सिजन तो वरच्या वर शोषून घेतात आणि जमिनीवर त्याचा अंशही येत नाही. येतो तो यूव्ही-ए आणि थोडा यूव्ही-बी, ज्यांची जंतूंवरची धार बरीच बोथट आहे. गोधडीला उन्हाचा जो लाभ होतो त्यात ओल निघून जाण्याचा आणि उष्णतेचा वाटा मोठा असतो, आणि घरच्या गादीसाठी तो पुरेसा आहे.

उष्णतेचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बहुसंख्य बुरशींना माणसाच्या शरीराचे ३७ अंश तापमानही मानवत नाही, आणि आपण बुरशीच्या गंभीर आजारांपासून सहसा वाचतो त्याचे हे एक कारण आहे. कँडिडा ऑरिस मात्र ४२ अंशांनाही वाढते. पृथ्वीचे तापमान वाढत गेले तसतशी ही बुरशी उष्णतेला सरावली आणि मग माणसात शिरली, असा तर्क २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडला. तो अजून तर्कच आहे. पण २०२१ मध्ये ही बुरशी अंदमानच्या किनाऱ्यावरील वाळूत आणि खारट दलदलीत सापडली, तेव्हा रुग्णालयाबाहेरही तिचे घर आहे एवढे निश्चित झाले. आपल्या नवतपाला ती घाबरेल यावर मी पैज लावणार नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात वॉर्डात मोठे कूलर लावतात. त्यांच्या टाकीत किंवा गवताच्या जाळीसमोर यूव्ही दिवा बसवला तर बुरशी येणार नाही ना? २०२१ मधील काळ्या बुरशीच्या वेळी असे केले असते तर? (कामठी)

उत्तर : दोन्ही ठिकाणी दिव्याचा उपयोग नाही, पण कारणे वेगळी आहेत.

कूलर बाहेरची हवा न गाळता आत ओढतो आणि ओल्या गवतातून पाठवतो. त्या गवताच्या काड्यांच्या गुंत्यात सावलीच सावली असते, गढूळ पाण्यात किरण शिरत नाही, आणि प्लास्टिकचा सांगाडा यूव्ही-सीने पिवळा पडून तडकतो. गवत दर हंगामाला बदलणे, टाकी रिकामी करून घासणे आणि वाळू देणे हा साधा उपाय दिव्यापेक्षा चांगला. मात्र रक्ताचा कर्करोग, अवयव प्रत्यारोपण किंवा मोठ्या प्रमाणात भाजलेले रुग्ण असलेल्या कक्षात कूलर असताच कामा नये. ॲस्परजिलसचे बीजाणू हवेतून येतात आणि तेथे बारीक गाळणी असलेली वातानुकूलन व्यवस्थाच हवी. जवळ बांधकाम चालू असेल तर ही खबरदारी दुप्पट. वातानुकूलन यंत्राच्या ओल्या गुंडाळीवर यूव्ही-सी दिवा लावण्याची पद्धत आहे आणि ती उपयोगीही आहे, कारण तेथे दिवा जवळ असतो आणि चोवीस तास चालतो.

२०२१ ची काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, ही वेगळी गोष्ट होती. विदर्भातील कितीतरी कुटुंबांनी त्या मे महिन्यात ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी केलेली वणवण मला आजही आठवते. अखेर वर्ध्यात त्याचे उत्पादन सुरू झाले तेव्हा थोडा श्वास घेता आला. पण त्या बुरशीचे बीजाणू माती-धुळीत सर्वत्र असतात आणि आपण ते रोज श्वासातून घेतो. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा भडिमार यांनी शरीराचे कुंपण मोडले, म्हणून ती नाकातून डोळ्यांपर्यंत पोहोचली. साखर तपासणारी पट्टी तेथे कोणत्याही दिव्यापेक्षा अधिक कामाची होती.

प्रश्न : यूव्ही दिव्याच्या खोलीत मला चुकून काही मिनिटे थांबावे लागले. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले, पाणी येत होते. दृष्टी जाईल का? (पत्ता दिलेला नाही)

उत्तर : वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांना होतो तोच हा त्रास आहे. किरणाने बुबुळाच्या वरच्या पातळ आवरणाला इजा होते, लक्षणे काही तासांनी सुरू होतात आणि बहुधा दोन दिवसांत भरून येतात. तरीही नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, डोळे चोळू नयेत, आणि बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत. झालेला प्रकार रुग्णालयात लेखी कळवावा, म्हणजे दारावर कुलूप आणि सूचनाफलक लागेल. दाराबाहेरून काचेतून पाहणे सुरक्षित असते, कारण खिडकीची साधी काच यूव्ही-सी अडवते. दिव्याची नळी त्यासाठीच साध्या काचेची नसते.

प्रश्न : वसतिगृहात आम्हा चौघींना गजकर्ण झाले आहे आणि औषध घेऊनही जात नाही. ऑनलाइन मिळणारी यूव्हीची कांडी त्वचेवर फिरवावी का? (हिंगणा मार्ग)

उत्तर : अजिबात फिरवू नये. तो किरण त्वचेतील डीएनएलाही तसाच चिकटवतो. त्वचारोगतज्ज्ञ कोड किंवा सोरायसिससाठी वापरतात तो ३११ नॅनोमीटरचा मोजून दिलेला यूव्ही-बी, ती वस्तू वेगळी. आणि बाजारातील पुष्कळ स्वस्त कांड्यांतून जांभळा यूव्ही-ए प्रकाशच निघतो, जो बुरशीचे फारसे काही करत नाही. म्हणजे कांडी खरी असेल तर अपाय आणि नकली असेल तर खर्च.

आपले गजकर्ण न जाण्यामागे ट्रायकोफायटन इंडोटिनी ही प्रजाती असू शकते. टर्बिनाफिन या गजकर्णावरच्या नेहमीच्या औषधाला तिचे अनेक वाण दाद देत नाहीत, आणि औषधाच्या दुकानातून सहज मिळणाऱ्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी ती तात्पुरती दबून अधिक पसरते. असे मलम चालू असेल तर ते काय होते ते डॉक्टरांना सांगावे, चौघींनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, आणि टॉवेल व कपडे एकमेकींचे वापरू नयेत. येथे मात्र गरम पाणी, इस्त्री आणि नागपूरचे ऊन यांचा पुरेपूर उपयोग करावा.

प्रश्न : औषधांना सरावली तशी बुरशी या किरणांनाही सरावणार नाही का? (खामला, विज्ञान शाखेचा विद्यार्थी)

उत्तर : प्रश्न आवडला. औषध पेशीतील एखाद्या ठरावीक प्रथिनावर नेम धरते, त्यामुळे त्या प्रथिनात छोटा बदल झाला की नेम चुकतो. किरण डीएनएच्या संपूर्ण लांबीवर पडतो. तेथे अशी सोपी पळवाट नाही. पण दुरुस्तीची सोय आहे. अनेक बुरशींमध्ये फोटोलायेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते दृश्य निळ्या प्रकाशाची ऊर्जा वापरून चिकटलेले थायमिन सोडवते. प्रकाशाने झालेली इजा प्रकाशानेच बरी होण्याचा हा प्रकार १९४९ मध्ये उघड झाला. म्हणून अर्धवट मात्रा देऊन खोलीचे दिवे लावले तर इजा झालेल्या काही पेशी सावरू शकतात. अपुरी मात्रा पुन्हा पुन्हा देत राहण्यापेक्षा एकदाच भरपूर देणे बरे.

प्रतापनगरच्या वाचकांचे दुसरे पत्र हे सदर छपाईला जाता जाता मिळाले. वडिलांना घरी सोडले असून घरात दोन लहान मुले आहेत, काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : वडील सुखरूप घरी आले हे वाचून बरे वाटले. निरोगी माणसांना, मुलांनाही, या बुरशीचा धोका फार कमी असतो, म्हणून वडिलांना वेगळ्या खोलीत कोंडू नये आणि नातवंडांना त्यांच्यापासून तोडू नये. त्यांची जखम, कॅथेटर किंवा लघवीची पिशवी हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, त्यांचा टॉवेल वेगळा ठेवावा, आणि घरासाठी दिवा विकत घेऊ नये. त्वचेवरील वस्ती कित्येक महिने टिकू शकते. त्यामुळे पुढे कोणत्याही रुग्णालयात, दवाखान्यात किंवा डायलिसिस केंद्रात जाल तेव्हा डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावे, आणि त्यावर ‘कँडिडा ऑरिस’ हे दोन शब्द लिहिलेले नसतील तर उद्याच जाऊन लिहून घ्यावेत.